कथा कोण सांगतंय ते बघा, मग कान की डोळे ते ठरवा

परभणीहून पाथरीकडच्या शाळेत रोज एसटीने जाणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: पूर्वी कादंबऱ्यांचा फडशा पाडायचे, आता पुस्तक उघडलं की दहाव्या पानाला हात मोबाइलकडे जातो. अलीकडे तुम्ही कथा-कादंबऱ्यांत काय काय वाचलंत? ऑडिओबुक ऐकता का, आणि ऐकणं वाचनात धरायचं का? शिवाय सातवीतली मुलगी कॉमिक्सशिवाय कशाला हात लावत नाही, तिचं काय करू?

ताई, तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या खिडकीमागे उभं राहून माझे केस पांढरे झाले. खिडकीवर लोक पुस्तकाचं नाव क्वचित सांगतात, प्रकार सांगतात. ‘भुताचं द्या.’ ‘महाराजांवरचं आहे का?’ ‘गावाकडचं नको, घरी तेच चालू असतंय.’ मीही बरीच वर्षं त्या त्या कपाटाकडे बोट दाखवत आलो. पण परत आलेली पुस्तकं पाहिली की कळतं, कुठलं शेवटपर्यंत गेलं आणि कुठल्याची खूण विसाव्या पानावरच राहिली. त्यावरून माझं एक मत पक्कं झालंय. प्रकार दुय्यम. कथा कोण सांगतंय आणि कशी सांगतंय, त्यावरून ती कानाने घ्यायची, डोळ्यांनी घ्यायची की चित्रांतून घ्यायची हे ठरतं. तुमचं वाचन तुटलंय असं मला वाटत नाही. एसटीत बसून जी पुस्तकं वाचायचा तुम्ही प्रयत्न करताय, ती एसटीची नाहीत, एवढंच असेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रा. रं. बोराडे गेले तेव्हा ‘पाचोळा’ पुन्हा हातोहात फिरायला लागली. १९७१ची कादंबरी, आमच्याकडच्या प्रतीला दोनदा बाइंडिंग झालेलं. मीही पुन्हा वाचली. एका शिंप्याच्या घराची गोष्ट आहे, आणि ती सांगते त्याची बायको पारबती. लेखक कुठेही मध्ये येऊन समजावून सांगत नाही. गावातल्या बड्या माणसांशी नवऱ्याचं बिनसतं, आणि घर कसं कणाकणाने उडत जातं ते ती चुलीपुढं बसून सांगावं तसं सांगते. आता गंमत बघा. हीच कादंबरी पुण्या-मुंबईकडची शिकलेली माणसं ‘भाषा अवघड आहे’ म्हणून परत आणतात, आणि आमच्याकडचे काही तरुणही आणतात. शाळेत प्रमाणभाषेच्या डोळ्यांनी वाचायची सवय लागलेली असते, त्यामुळे बोलीतलं वाक्य छापील दिसलं की डोळा ठेचकाळतो. त्यांना मी सांगतो, पहिली पाच पानं मोठ्यानं वाचा. सहाव्या पानावर भाषेची अडचण संपलेली असते. पारबतीचं बोलणं कानासाठीच आहे. तुम्ही शाळेतून आल्यावर घरात कुणाला तरी वाचून दाखवा, सासूबाई असतील तर त्यांना दाखवा. त्या मध्येच दुरुस्त्या सुचवतील, तो भाग तर फारच बहारीचा.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चंही तसंच. १९६७ची, जाडजूड, आणि कित्येकांनी अर्धी सोडलेली. एसटीत ती पुस्तकरूपात नेऊ नका, मनगट दुखतं. पण तिची रचना आठवा: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण, प्रत्येक जण आपापल्या तोंडाने आपली बाजू मांडतो. ही सगळी स्वगतंच. कुणी कानाशी बसून आपली कैफियत सांगावी अशी ती लिहिलेली आहेत, म्हणून ऐकताना उलट जास्त चढतात. मानवतला गाडी थांबली, गलका झाला, दोन वाक्यं निसटली, तरी बिघडत नाही. बोलणारा माणूस तोच असतो आणि त्याचं दुःखही तेच असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ऐकणं वाचनात धरायचं का. हा प्रश्न मला शहरातून आलेला वाटतो. आपल्याकडे श्रावणात देवळात श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ लागायचा. एक जण वाचायचा, एक अर्थ सांगायचा, बाकी गाव ऐकायचं. ऐकणाऱ्या बायांना अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या अध्यायात काय आहे ते वाचणाऱ्यापेक्षा त्यांना पक्कं ठाऊक असायचं. कुणी त्यांना ‘तुमचा पांडवप्रताप झालेला नाही’ म्हणून पाहावं! आकाशवाणीच्या परभणी आणि औरंगाबाद केंद्रांवरची नभोनाट्यं ऐकून वाढलेली पिढीही अजून हयात आहे. तेव्हा गोष्ट कानाने घेतली तर ती झालीच. खुशाल यादीत लिहा.

पण सगळंच कानाला देऊ नका, हेही तितकंच खरं. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ती मी मागवली आणि या उन्हाळ्यात सावकाश वाचली. धरणाने उठवलेला माणूस आपल्या मागे राहिलेल्या म्हशीला आणायला जुन्या गावाच्या रानात परत जातो, एवढीच गोष्ट. पण म्हैस आता रानटी झालेली आहे, आणि माणूसही पहिला राहिलेला नाही. यात एक वाक्य वाचून थांबावं लागतं, मागं जावं लागतं, कधी नुसतं भिंतीकडे बघत बसावं लागतं. ऐकताना हे करता येत नाही. मागे सरकवायचं बटण असतं, पण ते कुणी दाबत नाही. आपल्याकडे ही कादंबरी आणखी जवळची वाटते, कारण जायकवाडीच्या पाण्याखाली गोदाकाठची गावं गेलेली आहेत. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरण उभं राहिलं. आपण त्याच पाण्यावर ऊस घेतो. त्या पाण्याखालच्या गावांवर आपल्याकडे कादंबऱ्या किती झाल्या ते मोजायला गेलो की हात थांबतो. असो, तो वेगळा विषय. ‘रिंगाण’ सुट्टीत, दुपारी, दार लोटून वाचा.

आपल्या परभणीचे आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ हा कथासंग्रह तुम्ही वाचला नसेल तर तिथूनच सुरुवात करा, कादंबरीपेक्षा कथा सोपी पडते. त्यालाही २०१६ मध्ये अकादमीचा पुरस्कार आहे. कथा दीर्घ आहेत, पण एक कथा म्हणजे एक बैठक. गावातलं राजकारण, शेतीची ओढाताण, माणसाची मान खाली जाण्याचे प्रसंग. ‘गावाकडचं नको’ म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम हेच देतो.

भयकथेचा मामला अगदी उलटा. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये पुन्हा लागला, आणि दोन्ही वेळा खिडकीवर नारायण धारपांची मागणी वाढली. त्या चित्रपटाचं बीज धारपांच्या गोष्टीत आहे हे पोरांनी मोबाइलवरून शोधून काढलेलं असतं. धारपांची ‘लुचाई’ मी रात्री ऐकली. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण धारपांनी ती इथल्या मातीत अशी रुजवली की मूळचं विसरायला होतं. वाचताना एक सोय असते. पान उलटायच्या आधी डोळा चोरून पुढच्या परिच्छेदावर जातो, धक्का अर्धा आधीच कळतो. ऐकताना तशी सोय नाही. वाचणारा थांबला की तुम्हालाही थांबावं लागतं. त्यामुळे भयकथा वाचण्यापेक्षा ऐकण्यात दुप्पट भिववते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना मात्र मी कागदच पसंत करतो. त्यांत भीतीपेक्षा शेवटच्या दोन-तीन वाक्यांनी सगळ्या कथेला बसणारी कलाटणी महत्त्वाची असते, आणि ती आल्यावर लगेच मागची पानं चाळावीशी वाटतात.

रहस्यकथेबद्दल थोडक्यातच सांगतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्या नावावर आमच्या आधीची पिढी वाचायला शिकली. आज त्या वाचल्या तर भाबड्या वाटतात, पण वेग अजून आहे. एसटीसाठी उत्तम, विसरल्या तरी चालतात.

मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले. त्यानंतर मी त्यांच्या विज्ञानकथा काढून बसलो आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’वर अडकलो. यावर जरा रेंगाळतो, कारण तुम्ही इतिहास शिकवत असाल तर ही तुमच्या कामाची आहे. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक एका अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोचतात जिथे मराठ्यांनी पानिपत जिंकलेलं आहे. ते काय करतात? रस्त्यांवर भटकत नाहीत, सरळ ग्रंथालयात जातात (माझ्यासारख्याला इथेच गहिवरून येतं) आणि इतिहासाचे खंड मागे मागे चाळत फाटा कुठे फुटला ते शोधतात. तो सापडतो भाऊसाहेबांच्या बखरीत. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या बखरीत गोळी कानाजवळून निघून जाते, तिळभराचा फरक पडता तर प्राण जाता. सगळं साम्राज्य, सगळा पुढचा दीडदोनशे वर्षांचा इतिहास त्या तिळावर टांगलेला. आणि पंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात त्या बखरीचं फाटलेलं पान असतं.

एवढ्याशा कथेत केवढं बसवलंय बघा. इथे सगळी गंमत दोन मजकूर शेजारी ठेवून ताडून बघण्यात आहे, म्हणून ही कथा ऐकण्यापेक्षा वाचायची. मी ती वाचून लगेच विश्वास पाटलांची ‘पानिपत’ पुन्हा हातात घेतली, १९८८ची. तिच्यात शेवट माहीत असूनही दोनदोनशे पानं आशा लागून राहते. मग मनात येतं, नारळीकरांनी ती आशाच उचलून तिची कथा केली की काय. ही जोडी एकामागोमाग वाचून बघा. वर्गात मुलांना बखरीतला तो भाग वाचून दाखवलात तर तास संपल्याचं कुणाला कळणार नाही.

ऐतिहासिक कादंबरीचं बाकी काय सांगू. २०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला आणि सावंतांची १९७९ची ‘छावा’ मागणाऱ्यांची रांग लागली. रांगेतल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढलेली. त्यांतले किती टिकले हे विचारू नका.

ऑडिओबुकबद्दल काही कामाच्या गोष्टी. मराठीत हे प्रकरण वाढलं ते २०१७च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आल्यावर. त्याआधी सीडी होत्या, पण त्या प्रवासात कुठे लावणार. आज अनेक ॲप आहेत आणि बहुतेकांवर पहिला तुकडा फुकट ऐकता येतो. पुस्तक कुठलं ते नंतर बघा, आधी वाचणारा कोण ते बघा आणि तो तुकडा पूर्ण ऐका. विशेषतः बोलीतलं पुस्तक असेल तर. आपल्याकडचं ‘काय करायलास?’ हे एका श्वासात, शेवट उचलून बोललं जातं. एखादा चांगला कमावलेल्या आवाजाचा निवेदक ते ‘करायला-स’ असं सुटं सुटं, स्वच्छ उच्चारतो, आणि सबंध पात्र नाटकातलं गडी-माणूस होऊन बसतं. असं झालं की मी तिथेच बंद करतो, पुस्तक कितीही थोर असो. उलट एखादा निवेदक आवाजाने साधाच असतो, पण पात्रागणिक सोंगं न आणता सरळ वाचत जातो. लांबच्या कादंबरीला असाच माणूस टिकतो.

वेगाचं म्हणाल तर रहस्यकथा सव्वापट वेगाने चालते. बोलीतली कादंबरी किंवा स्वगत कधीही वाढवू नका, कारण त्यात थांबण्यालाही अर्थ असतो. पाथरी रस्त्यावर मध्ये रेंज जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तेव्हा रात्री घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. आणि एसटीत दोन्ही कानांत घालून बसू नका. कंडक्टरची हाक ऐकू येत नाही, शिवाय एकटीच्या प्रवासात एक कान मोकळा असलेला बरा.

आणखी एक. ऐकताना नावं लक्षात राहत नाहीत, ही बहुतेकांची तक्रार. पहिल्या अर्ध्या तासात पाच-सात पात्रं येतात आणि कोण कुणाचा दीर हे कळेनासं होतं. मी वहीच्या मागच्या पानावर चार नावं आणि नाती लिहून ठेवतो. छापील पुस्तक घरात असेल तर पहिलं प्रकरण वाचा आणि दुसऱ्यापासून ऐका. ही युक्ती ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतले बरेच टिकले.

आता मुलगी. ताई, तिला कॉमिक्स वाचू द्या, आणि ‘आधी हे, मग ते’ असा सौदा तर मुळीच करू नका. सौदा केला की पुस्तक म्हणजे शिक्षा आणि कॉमिक्स म्हणजे बक्षीस हे तिच्या डोक्यात कायमचं बसेल. चित्रांतून गोष्ट सांगणं हे परक्याचं खूळ आहे असंही समजू नका. पैठण शैली म्हणून जी चित्रं ओळखली जातात ती चित्रकथ्यांची. एकेक कागद प्रेक्षकांपुढे धरायचा आणि त्यावरचा रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगायचा. म्हणजे कॉमिक्स आणि ऑडिओबुक एकाच बैठकीत!

आमच्या पिढीला १९५२ पासून मराठीत येणारा ‘चांदोबा’ होता. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम, हातात तलवार, मागे स्मशान, हे शंकर या चित्रकाराचं चित्र डोळे मिटले तरी दिसतं. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली, तिच्यातला वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि त्याची कवटीगुहा, मग मँड्रेक, पुढे आबिद सुरतींचा बहादूर. १९६७ पासून अमर चित्र कथा. पुठ्ठा नसल्याने ही सगळी वाचनालयात टिकत नसत, हातोहात चिंध्या व्हायच्या, म्हणून दाखल नोंदीत घ्यायलाही जुने ग्रंथपाल नाखूश असत. आज सरकारी अनुदानावर चालणाऱ्या लहान वाचनालयांत कॉमिक्सचं कपाट क्वचित दिसतं. तुमच्या वाचनालयाला लेखी मागणी द्या. सभासदाची मागणी कागदावर असली की समितीपुढे ठेवायला सोपं जातं.

मुलगी बहुधा जपानी मांगा वाचत असेल, उजवीकडून डावीकडे उलटायची. त्यातलं सगळंच तिच्या वयाचं नसतं, तेव्हा काय चाललंय ते शेजारी बसून बघा, पण नाक मुरडू नका. त्याच प्रकारात केइजी नाकाझावांचं ‘बेअरफूट गेन’ आहे. लेखक स्वतः सहा वर्षांचे असताना हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेले. ते जरा मोठी झाल्यावर द्या, नववी-दहावीत. दृश्यं भयंकर आहेत.

आत्ता लगेच द्यायचं असेल तर ‘भीमायन’. इंग्रजीतून २०११ मध्ये आलं, सातवीतल्या मुलीला इंग्रजी जमत नसेल तर तुम्ही दोघी मिळून वाचा. बाबासाहेबांच्या आठवणींवर आधारलेलं आहे आणि चित्रं काढली आहेत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी. मी आयुष्यभर कॉमिक्स पाहिली, पण हे पाहून थांबलो. पानांवर चौकटी नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवरची जी नक्षी असते, तिच्या वळणांनी प्रसंग एकमेकांपासून वेगळे होतात. आणि बोलण्याचे फुगे बघा. साधं, मायेचं बोलणं पाखराच्या आकारात येतं. जिथे माणूस जातीचं विष ओकतो, तिथे फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराला डोळा काढलेला असतो. मुलीला आधी काहीच सांगू नका. तिसऱ्या-चौथ्या पानावर ती आपणहून म्हणेल, ‘आई, हा नांगीवाला बघ.’ मग तिला आपल्या दौलताबादची गोष्ट सांगा. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ बघायला निघालेले, वाटेत किल्ल्यापाशी प्रवासाने धुळीने माखलेली माणसं हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतात, आणि त्यावरून केवढा गदारोळ होतो. शाळेच्या सहलीत ती तो किल्ला बघून आलेलीच असेल. तो हौदही आता वेगळा दिसेल.

फुकटचं हवं असेल तर पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. मोबाइलवर वाचायची तिला सवय आहेच, तिथे हेही चालेल. चित्रं आणि मजकूर निम्मे निम्मे असतात, त्यामुळे कॉमिक्सवरून मजकुराकडे जायचं असेल तर तेवढी वाट सोपी आहे. नाही गेली तरी हरकत नाही.

तुमच्यासाठी शेवटी एकच सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर वाचनालयात या आणि दिवाळी अंकांची वर्गणी भरा. ‘धनंजय’ घ्या, ‘नवल’ घ्या. रहस्य, भय, विज्ञान, गूढ सगळं एकाच अंकात असतं, आणि एक कथा परभणी ते मानवत एवढ्यात होते. कुठली चांगली लागली ते मला खिडकीवर येऊन सांगा, त्या लेखकाचं पुस्तक काढून ठेवतो. आणि रात्री धारप ऐकणार असाल तर ॲपमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय असते, ती लावून झोपा. नाहीतर सकाळी कळतं की आपण झोपलो आणि ‘लुचाई’ चार प्रकरणं पुढे निघून गेली.